गळ्याची शपथ

तिसरीतली हर्षाली रोज सकाळी बूट घालायला बसली की पोट धरायची. सोनोग्राफी झाली, जंताचं औषध झालं, मीठ-मोहऱ्याही उतरवून झाल्या. पोटात काहीच सापडेना तेव्हा घरच्यांनी शाळेकडे बोट दाखवलं, आणि शाळेने नेहमीप्रमाणे रोशनी गावितकडे.

रोशनी या नाशिकच्या सिडकोतल्या शाळेची समुपदेशक. तिची खोली म्हणजे खेळाच्या सामानाच्या खोलीचा अर्धा भाग, मधे एक कपाट उभं केलेलं. पलीकडे कुणी लेझीम काढायला आलं की अलीकडचं रडणं तेवढ्यापुरतं थांबायचं. सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आश्रमशाळा, मग नाशिकचं कॉलेज असं करत ती इथवर आली होती, त्यामुळे खोलीबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती मोठ्या माणसांबद्दल. बिघडलेला मिक्सर दुकानात द्यावा तसं मूल तिच्यापुढे ठेवायचे आणि कधी मिळेल म्हणून विचारायचे.

हर्षालीचे वडील शेखर अंबडला एका कंपनीत होते. त्यांचं बोट गणिताच्या बाईंकडे. आईला बाकावरच्या मैत्रिणीचा संशय. आजोबांचं नाव कारभारी; ते नातीला स्कूटरवरून सोडायचे-आणायचे; त्यांना कुणी विचारलं नाही आणि तेही काही बोलले नाहीत. खरं तर पोरीचं पोट घरी जातानाही दुखायचं. पण दोष शाळेचा हे आधीच ठरलेलं असल्यामुळे परतीच्या दुखण्याला कुणी जमेत धरलं नाही. रोशनीनेही धरलं नाही. ती बिचाऱ्या गणिताच्या बाईंच्या मागे हात धुवून लागली होती.

मग एकदा मातीची चकली वळता वळता रोशनीने सहज विचारलं, शाळेत येताना काय काय दिसतं. हर्षालीचा हात गळ्याशी गेला. तिने दोन बोटांत कातडी धरली. तिथली कातडी लाल झालेली होती. रोशनीने ती आजवर दहादा पाहिली होती आणि घामोळं समजून सोडून दिली होती.

"कुणी शपथ घातलीय?" तिने विचारलं.

हर्षालीने आधी दाराकडे पाहिलं. "सांगितलं तर ते मरतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

पोरीने गळ्याची कातडी आणखी ओढली. "तरीपण मरतील. मीपण."

 रोशनीने शिकवल्याप्रमाणे सुरुवात केली, की बोलल्याने कुणी मरत नसतं, शपथ म्हणजे नुसते शब्द. हर्षाली अदबीने ऐकत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की मॅडमला यातलं काही कळत नाही. रोशनी मधेच थांबली. तिला कळत होतं. सिडकोच्या मैदानावर काय आणि सुरगाण्याच्या पाड्यावर काय, नियम एकच: ज्याने शपथ घातली त्यानेच 'सुटली' म्हणायचं. दुसऱ्या कुणाचं चालत नाही.

"ते कोण हे सांगू नकोस," ती म्हणाली. "'सुटली' म्हणायला त्यांना इथे बोलवायचं का?"

हर्षालीने खिडकीतून खाली बोट केलं. फाटकाजवळ, स्कूटरला टेकून, कारभारी उभे होते. हल्ली पोरीला अर्ध्या शाळेतून घरी पाठवत, म्हणून ते तिथेच थांबून राहायचे.

ते आले, ऐकलं, आणि हसण्यावारी नेलं. लेकरांचं काय मनावर घ्यायचं मॅडम, म्हणाले. तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते, येवल्याच्या गाडीवर निम्मी नोकरी झाली, एक कोंबडीसुद्धा चाकाखाली आली नाही, हे सगळं त्यांनी न विचारता सांगितलं. रोशनीने ऐकून घेतलं आणि फक्त हर्षालीच्या गळ्याकडे बोट दाखवलं. ते लाल कातडं पाहून कारभारींचं हसू गेलं. पलीकडे चेंडू काढायला आलेलं कुणी निघून जाताच ते नातीकडे वळले.

"सुटली," ते म्हणाले. "बोल, बाय."

हर्षालीने गळा सोडला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पाथर्डी फाट्यावर आजोबांना अंधारी आली. स्कूटर टेम्पोच्या खाली जाणार होती. मग त्यांनी विचारलं की आपण कुठं चाललोय. मग शपथ घातली. मग पुन्हा एकदा तसंच झालं, आणि परवा पुन्हा.

"मी मागे डोळे मिटून बसते," ती म्हणाली. "आजोबांना धरून ठेवते, म्हणजे ते पडणार नाहीत."

आठ वर्षांची पोर दोन महिने रोज हे करत होती. रोशनीला म्हाताऱ्याचा भयंकर राग आला, आणि त्याच्याकडे पाहिल्यावर तो टिकेना. माणूस आपल्या तळहातांकडे बघत बसला होता.

हर्षालीला वर्गात पाठवून तिने कारभारींना सरळ सांगितलं, की जिथे जिवाला धोका आहे ते तिला झाकून ठेवता येत नाही. आजच घरी कळायला हवं, आणि डॉक्टरांनाही. त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. ती नाही म्हणाली. मग हळूच चालवीन म्हणाले, गल्लीबोळातून नेईन म्हणाले. ती पुन्हा नाही म्हणाली.

"पोरगा गाडी काढून घेईन," ते म्हणाले. "मंग मी दिवसभर घरात करू काय?"

 तुम्ही सांगितलं नाही तर मी सांगेन, एवढंच रोशनी म्हणाली. कारभारींनी खिशातून फोन काढला, पण नंबर सापडेना. तिने हात पुढे केला, तर मानेनेच नको म्हणाले. अखेर लागला.

"शेखर, साळंत ये. हर्षालीला घरी न्यायचंय." पलीकडून पोट दुखतंय का, असं काहीतरी विचारलं असावं. "नाय, ती बरी हाय," कारभारी म्हणाले, आणि स्कूटरची किल्ली काढून रोशनीसमोर ठेवली.

"मला पण ने," ते म्हणाले.