कुशाबाईचं पाऊल

डाळजला हायवेच्या कडेला एक पत्र्याचं शेड आहे. त्या अमावस्येला भरदुपारी तिथं मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध भगव्या कापडानं झाकलेला चौरंग होता आणि त्यावर प्रयागबाईचा उजवा पाय. नडगीवर तीर्थात भिजवलेलं फडकं, फडक्यावर तांब्याची पट्टी. दत्तोबा महाराजांनी डोळे फिरवले.

"बोल कुशे, ह्या पायात तूच हायेस न्हवं?"

लुळा लोंबणारा पंजा टणकन वर उडाला. बायांनी हात जोडले. हेच महाराज चार वर्षांमागं ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचे, पण भक्ती चढली की माणसाला एवढं कुठलं आठवायला.

प्रयागबाईचे हात मात्र चौरंगाची कड धरून राहिले. कुशाबाई तिची धाकटी जाऊ, तापानं गेलेली. जायच्या आधी ती असाच उजवा पाय ओढायची. चुलीपासून पडवीत येताना तिचं पाऊल फट वाजायचं. "कामचुकार हाय, सोंग करती," असं प्रयागबाई चारचौघांत म्हणायची. यंदा कांद्याची काटणी, म्हणजे पात छाटायचं काम, उरकली आणि तोच आवाज घरात परत सुरू झाला. आता प्रयागबाईचा पंजा उचलेना, नडगीचं मांस आटत चाललं. ती पाण्याला उठली की फट वाजे, थांबली की थांबे. आपलंच पाऊल वाजतंय हे तिला कळत होतं, तरी मागं वळून बघायची छाती होत नव्हती.

महाराजांनी गुडघ्याच्या जरा खाली काळा गंडा करकचून बांधला होता आणि डॉक्टर बंद केला होता. आज ते पुढं सरकले.

"कुशा मांस खातीया तुझं. तिला तिची लेक पायजे. पोरीला घरात ठिवलीस तर दुसरा पायबी जाईल. दिस मावळायच्या आत तिला भाईर काढ. व्हय का गं कुशे?"

पंजा परत उडाला.

कुशाबाईची ती लेक, प्रतीक्षा, शेडच्या खांबापाशी उभी होती. आई गेल्यावर प्रयागबाईनंच तिला पोटच्या पोरीसारखं वाढवलेलं. बारामतीला फिजिओथेरपी शिकत होती, सकाळच्या एसटीनं आली होती. प्रयागबाईला तिच्याकडं बघवेना. 'जा बाई' हे शब्द अगदी ओठांवर आले होते.

"थांब, मोठी आई," प्रतीक्षा पुढं आली. "महाराज, आता माझा पाय ठिवू का?"

"तुला काय झालंय?"

"काय न्हाय झालं. म्हणून तर."

तिनं पाय ठेवलासुद्धा. दर सवालाला महाराजांचा एक हात कापडाखाली जातो, हे तिनं खांबापासून बघितलं होतं. फडकं, पट्टी नडगीवर घेतली आणि महाराजांचा कापडाखालचा हात वरूनच गच्च दाबला. कट्ट आवाज झाला. तिचा पंजा प्रयागबाईच्या पंजाहून जोरात उडाला.

"माझ्यात कोण शिरलं, महाराज?"

तिनं भगवं कापड ओढलं. खाली फवारणी पंपाच्या बॅटऱ्या एकीला एक जोडून ठेवलेल्या, बटण आणि दोन वायरी, एक पट्टीपर्यंत गेलेली, दुसरी पोटरीखालच्या ओल्या कापडापर्यंत. फडक्यातलं तीर्थ म्हणजे मिठाचं पाणी.

"आमीबी कॉलेजात करंट देऊन पाय उडवतो. फक्त आमचं मशीन झाकलेलं नसतं."

"मग माझं मांस कोण खातंय?" प्रयागबाईनं विचारलं.

प्रतीक्षानं आधी गंडा कापला. तिथं काळानिळा वळ उठला होता.

"गुडघ्याच्या भाईरच्या हाडावरनं नस जाती. तू दिवस दिवस उकिडवं बसून कांदा काटलास. बूड टेकलं की आळशी, हा तुझाच नियम. तितंच नस दबली आणि वर ह्यांनी गंडाबी तितंच आवळला. नस नुसता पाय हलवत न्हाय. स्नायूत साखर जाळून ताकद करणारे एन्झाइम असतात. कुठले किती करायचे, ते नसेच्या निरोपावर ठरतं. ऊस येईना झाला की कारखाना माणसं कमी करतो, तसं निरोप थांबला की स्नायू हे एन्झाइम कमी करतो. उलट मांस मोडणारे वाढवतो. तुझं मांस तुझाच स्नायू मोडतोय. आई न्हाय."

"परत भरंल?"

"करंटनं उडतोय म्हंजी स्नायू जिता हाय. नस मोकळी झाली, येळंत इलाज झाला, तर भरंल. इथं बसून राहिलीस तर न्हाय."

प्रयागबाईनं आटलेल्या नडगीवरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "आन् कुशीचा पाय?"

"तीबी तुझ्याच रानात कांदा काटायची, मोठी आई."

प्रयागबाई चौरंगाला धरून रडली. महाराज मागच्या दारानं कधी सटकले ते भक्तांनाही कळलं नाही.

इलाज झाला. पाय हळूहळू भरला, पाऊल वाजायचं थांबलं. तरी संध्याकाळी प्रयागबाई कधी कधी कान देऊन बसते. भूत कुठंच नव्हतं, एक दुखणं होतं आणि ते कुणी तपासलं नव्हतं. अंगात काही शिरलंय असं कुणी सांगितलं, तर आधी चौरंगाखाली बघा आणि मग सरळ दवाखाना गाठा.

पुढच्या काटणीला तिनं रानात बायांसाठी पोत्यांच्या जाड घड्या टाकल्या.

"बूड टेका गं," ती म्हणाली. "मधनं मधनं उठा. पायाला मुंग्या आल्या तर सांगा. सोंग म्हणणार न्हाय मी."