काकांना फोन करा

बस डेपोच्या ऑफिसातला, गाड्यांच्या ड्यूट्या लावणारा प्रोग्रॅम काकांनी तरुणपणी लिहिला होता; तेव्हाही सगळे त्यांना काकाच म्हणत. तो अडला की पडद्यावर एकच ओळ उमटायची: 'काकांना फोन करा.' गंमत म्हणून लिहिलेली ओळ, पण ती त्यांच्याच गळ्यात पडली. प्रोग्रॅमची ती जुनी संगणकी भाषा ऑफिसात दुसऱ्या कुणाला येईना. फोन वाजला की बिचारे हातातला घास टाकून निघत.

शेजारच्या खुर्चीवरच्या पोरीला हे बघवत नव्हतं. तिला सगळे 'काकांचं शेपूट' म्हणून चिडवत. ओ की ठो कळत नसताना काकांनी तिला हाताशी धरून शिकवलं होतं. त्यांना आता नात झाली होती, दूरच्या गावी. जायला बॅग भरली रे भरली, की प्रोग्रॅम रुसलाच. नात रांगायला लागली तरी या माणसाने तिला उचलून घेतलं नव्हतं.

शेवटी शेपटाने मनावर घेतलं. प्रोग्रॅम त्या भाषेच्या नव्या आवृत्तीत आणू या, म्हणून साहेबांपुढे उभी राहिली. वेग, सुरक्षितता, सगळं सांगून झालं. साहेब ढिम्म. चालतंय ते चालू दे, म्हणाले. वर काकांनीही कच खाल्ली: मी आहे ना, उगाच खटाटोप कशाला.

तिचं डोकंच फिरलं. "चालतंय कुठे, साहेब? काका चालवतायत. ते नातीकडे गेले तर बस सुटणार नाही. नवी आवृत्ती आम्हा सगळ्यांना येते."

साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि करा म्हणाले.

काकांनी सगळे खाचखळगे दाखवले, मग शेपटाने त्यांना अक्षरशः नातीच्या गावच्या गाडीत बसवून दिलं. नवी आवृत्ती सुरू केली त्या सकाळी पडदा मध्येच थांबला. 'काकांना फोन करा.' मेली ओळ काढायचीच राहिली होती. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने फोनला हात लावला नाही. जुन्या पद्धतीने लिहिलेली एक तारीख नव्या आवृत्तीला चालत नव्हती, ती शोधून बदलली. बस सुटल्या.

तेवढ्यात काकांचाच फोन. काही अडलंय का, विचारत होते. आवाजात काळजी होती, आणि थोडी आशासुद्धा.

"अडलं होतं, काका. सोडवलं आम्ही."

पलीकडून बाळाचं रडणं ऐकू आलं.

"बरं, ठेवतो," काका म्हणाले. "इथे माझ्यावाचून अडलंय."