मागचे दोन टायर

"गाडीचं वय?" काचेपलीकडच्या बाईंनी विचारले.

"एकवीस," वेडसन म्हणाला.

"एकवीस वर्षांच्या पोराला आम्ही नोकरी देऊ एक वेळ. गाडीला विमा नाही देत."

"मग निदान मालाचा तरी द्या."

"माल काय उडत जाणार आहे? जाणार त्याच गाडीतून ना? चला, पुढचे कोण आहेत?"

कबवे शहरातले हे तिसरे विमा कार्यालय. पहिल्या ठिकाणी, "नोकरी सरकारी आणि वर भाड्याची गाडी? साहेबांना माहीत आहे का?" असे विचारून त्याला घाम फोडला होता. दुसऱ्या ठिकाणच्या माणसाने फक्त टनभर मालासाठी कागद काळे करायला साफ नकार दिला. वेडसन बाहेर येऊन गाडीत बसला. ज्या शनिवारी माल आणायचा होता, त्याला चारच दिवस उरले होते.

वेडसन कपेम्ब्वा हा आमच्या मोठ्या इस्पितळात नोंदणीच्या खिडकीवर कारकून होता. सोळा वर्षे तो लोकांना त्यांचे कागद वाचून दाखवत आला होता, कारण आलेल्यांपैकी निम्म्यांना इंग्रजी येत नसे. पगारात घर भागत नव्हते म्हणून त्याने ही छोटी मालगाडी घेतली. शनिवार-रविवारी कोणाचे बिऱ्हाड हलव, कोणाचा मका गिरणीवर पोहोचव, असे चालायचे. गाडी म्हातारी होती, पण इमानी होती. फेब्रुवारीपर्यंत.

फेब्रुवारीत म्कुशीच्या रस्त्यावर मागचा डावा टायर फुटला आणि बाजारात टोमॅटो विकणाऱ्या बाना चोलाच्या चाळीस पेट्या घेऊन गाडी चरात आडवी झाली. कुठून कोण जाणे, पाच मिनिटांत माणसे गोळा झाली. बादल्या, परड्या, कोणी तर डोक्याचे फडके सोडून त्यात टोमॅटो भरून नेले. बाना चोला शेजारी उभी राहून बघत होती. वेडसनकडे वळून ती एवढेच म्हणाली, "तुम्हाला कुठं लागलं नाही ना?" त्यानंतर तिने त्या मालाचा विषय काढला नाही. पण जिच्या नावाने तिला सगळे बाना चोला म्हणत, ती तिची मुलगी चोला नर्सिंगचे वर्ष अर्धवट सोडून बाजारात आईशेजारी टोमॅटो निवडत बसू लागली. वेडसन बाजारात गेला की मुद्दाम मासळीच्या गल्लीने जायचा. त्याला त्या मुलीच्या समोर जायची लाज वाटे.

मे उजाडला, आमच्याकडे मेमध्येच पडते ती थंडी पडू लागली, आणि एक दिवस बाना चोला आपणहून इस्पितळाच्या खिडकीशी आली.

"बाशी मुताले," ती म्हणाली. बाशी म्हणजे बाप; त्याच्या थोरल्याचे नाव मुताले. "आम्ही पाच बाया मिळून दर शनिवारी म्कुशीहून माल आणायचा म्हणतोय. गाडी तुमचीच घेऊ. पण मालाचा विमा हवा. कागद आणा, मग टोमॅटो."

"आणतो, मायो," तो म्हणाला. आमच्याकडे वडीलधाऱ्या बाईला मायोच म्हणतात. बोलून गेला खरा, आणि विम्याच्या कार्यालयांच्या पायऱ्या झिजवू लागला.

चौथे कार्यालय हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत होते. तिथला माणूस मात्र हो म्हणाला. हप्ता असा सांगितला की वेडसनच्या महिनाभराच्या पगारातले काही उरणार नव्हते. "आणि गुरुवारी आमच्या तपासनीस बाई गाडी बघतील," तो खिडकीतून खाली गाडीकडे बघत म्हणाला. "टायर नीट असू द्या. मागचे तर पार टकले झालेत तुमचे."

आता टकल्या टायरांवर आमच्या गावात एक ठरलेला उपाय आहे, आणि तो करताना कोणाला चोरी केल्यासारखे वाटत नाही. बसथांब्यामागे आंब्याच्या झाडाखाली बाशी कुंडाची टपरी आहे. तिथे टायर, जादा चाक, आग विझवायची नळकांडी, लाल त्रिकोण, तपासणीला लागणारा सगळा साज भाड्याने मिळतो. सकाळी चढवायचा, शिक्का मारून घ्यायचा, संध्याकाळी उतरवून परत.

"पाचच्या आत आण हं," बाशी कुंडा पाना फिरवता फिरवता म्हणाला. "उद्या दुसऱ्या गाडीला नवरदेवासारखं नटवायचंय."

वेडसनची बायको एस्नार्ट कामावर निघाली होती, ती ते नवे काळेभोर टायर बघून थांबली. "बाशी मुताले, विमा काढायला निघालात की नाटकात काम करायला?"

"सगळेच करतात."

"सगळ्यांची गाडी बाना चोलाचा माल घेऊन नव्हती उलटली," ती म्हणाली आणि चालू लागली. त्याला राग आला. खरे बोललेल्याचा येतो तसला.

तपासनीस मिस नामुकोलो ही तिशीची, शिडशिडीत, कमी बोलणारी बाई. दिवे, ब्रेक, आरसे बघून झाल्यावर ती मागच्या चाकाशी उकिडवी बसली. टायरच्या कडेवर बोटभर लांबीचा एक कापल्याचा व्रण होता. त्यावरून तिने अंगठा फिरवला.

"मंगळवारी हा टायर पिवळ्या मिनीबसला होता," ती म्हणाली. "त्याच्या आधी शाळेच्या गाडीला. बराच फिरतीवर असतो."

वेडसन तिच्या शेजारी खाली बसला. "मॅडम, मी..."

"मी विचारलं नाही." ती टायरवर कोरलेले आकडे तक्त्यात उतरवत होती. "गाडीला जे दिसतं ते लिहायचं. कोणाचं आहे, याला रकानाच नाही. टायर चांगले. लिहिलं. फोटोही काढले. दुपारी कागद घेऊन जा."

"म्हणजे... मिळणार?"

"मिळणार." ती उठली, गुडघे झटकले. "गाडी उलटली की बघायला मलाच पाठवतात. तेव्हाही जे दिसेल तेच लिहिते मी. आकडे जुळले नाहीत तर कंपनी एक छदाम देत नाही. तुम्ही वाचता-लिहिता, म्हणून सांगितलं. बाकीच्यांना सांगून थकले."

दुपारी हप्ता भरला, कागद मिळाला. पाचला टायर परत गेले. शुक्रवारी इस्पितळात वेडसनने एका म्हाताऱ्याला दुसऱ्याचाच रिपोर्ट दिला आणि नंतर त्याच्यामागे फाटकापर्यंत धावत गेला. या महिन्यात एक टायर घेऊ, पुढच्या महिन्यात दुसरा, तोवर हळू चालवू, असे तो स्वतःला समजावत होता. तोवर म्हणजे आठ शनिवार. एखादा फुटेलच असे थोडेच आहे? फेब्रुवारीतही त्याने हेच म्हटले होते.

शनिवारी वेडसन म्कुशीच्या शेतावर निघाला, बाकीच्या चौघी बाया मागच्या हौद्यात बसल्या. बाना चोला शेजारी बसून मजेत होती. चोलाला जुलैत पुन्हा कॉलेजात पाठवायचे, नवा गणवेश शिवायला टाकलाय, असे काय काय सांगत होती. शेतावर बायांनी पेट्या भराभर चढवल्या. साठच्या साठ. कोबी न्यायला आलेला सिमुकोंडा आपल्या अर्ध्या रिकाम्या ट्रकला टेकून दात कोरत ही गंमत बघत होता.

शेवटची पेटी चढल्यावर बाना चोलाने कमरेचे फडके सारखे केले. "हं, आता कागद वाचा. मोठ्यानं वाचा, सगळ्यांना कळू दे."

वेडसनने कागद उलगडला. इंग्रजी ओळ वाचायची आणि आपल्या भाषेत सांगायची, हे त्याचे रोजचेच काम. गाडीचा नंबर वाचला. माल कोणता, कुठून कुठे, ते वाचले. नुकसान झाले तर किती भरपाई मिळेल तो आकडा वाचला, तेव्हा बायांनी जीभ फिरवून लुलुलु असा गजर केला आणि एकीने बाना चोलाच्या पाठीवर थाप मारली.

"संपलं?" बाना चोलाने विचारले.

खाली अजून एक ओळ होती. ती गाळली असती तर त्या पाच जणींपैकी एकीलाही कळले नसते. वेडसनने बाना चोलाकडे पाहिले. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, खिडकीपलीकडचे लोक बघतात तशीच, पुढचे काय ते ऐकायला.

"नाही, मायो. एक ओळ राहिली." त्याने मागच्या दोन टायरांचे आकडे एकेक करून वाचले. मग कागदाची घडी घातली. "हे टायर या गाडीला नाहीत. भाड्याचे होते, परत केले. आत्ता रस्त्यात काही झालं, तर वर वाचला त्यातला एक पैसा मिळणार नाही."

गजर बंद पडला. "अगं बाई!" एक जण म्हणाली, "म्हणजे विमा बाशी कुंडाच्या टायरांचा काढला, आणि मेलो आम्ही!" दुसरी तर सरळ त्याच्या अंगावरच आली, "चढवायच्या आधी तोंडात काय होतं? साठ पेट्या चढवल्या आम्ही!"

बाना चोला वाकली. तिने मागचा टायर पाहिला, हात फिरवून पाहिला. मग ती सिमुकोंडाकडे गेली, दोघांचे काहीतरी बोलणे झाले आणि ती परत आली.

"उतरवा," ती म्हणाली. "माल त्याच्या ट्रकात जाईल. पुढच्या शनिवारीही तोच येईल."

पेट्या वेडसनने उतरवल्या. बाया झाडाखाली जाऊन बसल्या होत्या. त्यांना पुन्हा हात लावा असे कोणत्या तोंडाने सांगणार? एक पेटी खांद्यावर घ्यायची, तीस पावले चालायचे, सिमुकोंडाच्या ट्रकात ठेवायची. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच त्याला मोकळे वाटत होते, आणि तरी रडू येईलसे झाले होते. सिमुकोंडाने मदतीला हात पुढे केला, तर वेडसन नको म्हणाला. साठावी पेटी ठेवून खाली उतरला, तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

चौघी बाया सिमुकोंडाच्या ट्रकात चढल्या. वेडसनने आपल्या गाडीची फळी लावली, पुढे येऊन दार उघडले, तर बाना चोला आत बसलेली.

"मायो, तुमचा माल तिकडं आहे."

"माल तिकडं आहे ना? असू दे," ती म्हणाली. "मला हळू न्या."

ट्रक धुरळा उडवत दिसेनासा झाला. वेडसनने गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेलीच नाही. उतारावर कोळशाची पोती लादलेले सायकलवालेसुद्धा त्यांना मागे टाकून गेले, एकाने वळून टिंगलीने हातही केला. शेजारी बाना चोला डोके खिडकीला टेकून गाढ झोपली होती, आणि तिची झोप मोडू नये म्हणून तो एकेक खड्डा बघून चुकवत होता.