चौथा ढोल

शहाद्याचे हेमकांतभाऊ सकाळपासून एकच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा पुसत होते. चाळीस वर्षं लग्नाच्या मांडवांना भोंगे लावले, पण अशी रेकॉर्ड जन्मात पहिल्यांदाच हाती आलेली. साध्या रेकॉर्डमध्ये दोन स्पीकरांचे आवाज असतात, हिच्यात चार. पन्नास वर्षांपूर्वी कुणा परदेशी माणसानं सातपुड्यातली होळी टेप केली, चार ढोलवाल्यांपुढे चार माइक ठेवून. कव्हरवरचं चौथं नाव होतं नवलसिंग.

नवलसिंगचा मुलगा रामसिंग, आता धडगावकडे गुरुजी. बाप गेला तेव्हा तो पाळण्यात होता. तो रेकॉर्ड घेऊन आला आणि भाऊंनी चारही ढोल वेगवेगळे ऐकवायचा शब्द देऊन टाकला. मग वर्षभर जुन्या बाजारांचे उंबरठे झिजवून त्यांनी त्या काळचा टर्नटेबल, बारीक सुई आणि चार आवाज वेगळे करणारी पेटी जमवली. आज गुरुजी आईला, कमलीबाईला, एसटीनं घेऊन आला होता. नवलसिंगचा ढोल ओळखणारं तिच्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.

अंगणात मधोमध खुर्ची, चार कोपऱ्यांत चार स्पीकर. भाऊंनी सुई टेकवली. ढोल असे घुमले की गल्ली दारात आली. भाऊंची छाती फुगली.

कमलीबाई मात्र मान हलवत होती. "सगळा गलकाच आहे. तो कुठे आहे यात?" ती मुलाला त्यांच्या पावरी बोलीत म्हणाली.

भाऊंनी वायरी तपासल्या, सुई पुन्हा टेकवली. तेच. म्हातारी उठली, एका स्पीकरच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी बोलली आणि हसली.

"काय म्हनी ऱ्हायनी माय?" भाऊंनी विचारलं.

"ती म्हनस, ढोल होळीकडे तोंड करीसन वाजस. तुम्हना ढोल गावकडे तोंड करी बठेल शेतस," गुरुजीनं सांगितलं.

भाऊंनी कपाळावर हात मारला. चारही स्पीकर गल्लीकडे! मांडवाची सवय, नवरदेवाला ऐकू येवो न येवो, गावाला आलं पाहिजे. "चाळीस वरीस मी हाईच करं," ते ओशाळून म्हणाले आणि भराभर स्पीकर आत वळवले.

सुई तिसऱ्यांदा टेकली. आता समोर दोन ढोल, मागे उजवीकडे एक, आणि मागे डावीकडे चौथा, बाकीच्यांपेक्षा जरासा रेंगाळणारा. एवढं स्पष्ट येईल असं भाऊंनाही वाटलं नव्हतं.

कमलीबाईनं खुर्ची फिरवली आणि त्या चौथ्या स्पीकरकडे तोंड करून बसली. "डावा हात उशिरा पडायचा त्याचा. मी हसायची." तिनं मुलाला जवळ ओढलं. "ऐक. हा तुझा बाप."

गुरुजी खाली जमिनीवरच बसला. गल्लीतली माणसं आत डोकावत होती. चाळीस वर्षं गावाला ऐकवत आलेल्या भाऊंनी उठून अंगणाचं फाटक लावून घेतलं.