न्यायतेल

बोर्डीत तात्यांच्या चिकूवाडीत निवडणुकीलाही जमत नाही एवढी गर्दी लोटली होती, आणि सगळ्यांच्या बाह्या वर. परवा न्यायीमहाराजांनी प्रत्येकाच्या दंडावर अत्तराचा वास मारणारं 'न्यायतेल' चोळलं होतं. तात्यांच्या नातवाला, देवेशला, ज्या भुताळीने, म्हणजे चेटकिणीने, ताप लावला तिच्या अंगावर ते उमटणार होतं. महाराज दंड तपासत तानीपाशी आले. तिचा दंड टरारून सुजला होता, वर पाण्याने भरलेले फोड.

"बोललं! तेल बोललं!" महाराज गरजले. "ना वकील, ना साक्षीदार, ना तारीख! कोर्टाला जमत नाही ते माझ्या बाटलीला जमतं. हीच भुताळी!"

"मी काय नाय केला, तात्या," तानी म्हणाली.

"अंधार पडायच्या आत झोपडं सोड," तात्या म्हणाले. तानीचं झोपडं तात्यांच्या कुंपणाला लागून होतं. देव असे योगायोग फार विचार करून घडवतो.

तेवढ्यात डॉक्टर संगीता गर्दी सारत पुढे आली. ती तानीच्याच पाड्यातली. "तात्या, देवेशच्या रक्तात मलेरिया निघालाय. डास चावला त्याला. गोळ्या सुरू केल्यात."

"डास कुणी पाठवला, बेन?" महाराजांनी गोड विचारलं. गर्दी खो खो हसली.

संगीताचं डोकं तडकलं. बिब्बा उतून आलेले असे फोड तिने दवाखान्यात पाहिले होते. तानीमावशी तलासरीच्या बाजारात बिबे विकते, हेही तिला ठाऊक होतं, बहुधा महाराजांनाही. तिने बाटली हिसकली, महाराजांच्या पांढऱ्या उपरण्यावर तेल ओतलं.

"तात्या, तंबाखूची डबी द्या. चुना हवाय. तेलात बिब्बा असेल, तर डाग काळा पडेल."

डबी आली. तिने डागावर चुना चोळला.

"कातडीत पहारेकरी पेशी असतात," ती म्हणाली. "मावशीला पहिल्यांदा बिब्बा लागला, तेव्हा त्यांनी त्याचा नमुना बगलेतल्या गाठीत नेऊन पांढऱ्या पेशींना दाखवला. त्या विसरत नाहीत. परवा तोच नमुना पुन्हा दिसला. त्यांनी रसायनं सोडून हाका मारल्या, रक्तातून बाकीच्या धावत आल्या. जमायला दोन दिवस लागतात, म्हणून महाराज आज आले. ज्यांना बिब्बा कधी लागलाच नाही, त्यांच्या पेशी ओळखणार कशा? तुम्ही कोरडे राहिलात ते म्हणून. पुण्यवान आहात म्हणून नाही."

डाग तपकिरी झाला होता.

"आणि ऐका. एवढ्या बिब्ब्याने काही बिघडत नाही. बिघडवतात त्या धावून आलेल्या पेशी. खोट्या हाकेवर गोळा होतात आणि आपलंच कातडं सोलतात. तुम्ही आत्ता तेच करताय!"

डाग काळाभोर झाला. मागून एक म्हातारा पुटपुटला, "अरे, ही तर परटाची खूण. बिब्बा नि चुना. कापड फाटेल, पण ही जायची नाही."

ओटीवरून तात्यांची बायको कुसुमबाई खाली उतरली. तिने पदर सारला. दंडावर तसेच फोड.

"लहानपणी पायात काटा मोडला, तेव्हा आईने बिब्बा लावला होता," ती म्हणाली. "सकाळपासून झाकून बसलेय, भीतीने. मलाही हाकला."

तात्यांना खोकला आला. महाराज गाडीकडे सरकू लागले.

"थांबा. येतानाच फोन केलाय मी, पोलीस निघालेत," संगीता म्हणाली. मग गर्दीकडे वळली. "आजार आला की आधी कशाने झाला ते विचारा. कुणी केला असं विचाराल, तर उत्तर द्यायला कुणीतरी बाटली घेऊन टपलेलाच असतो."

"बरं बरं," तात्या म्हणाले. "तानी, जा आता घरी."

"जाईल," संगीता म्हणाली. "हाकललंत सगळ्यांसमोर. माफीही इथेच मागा, तात्या."