उबेला ठेवलेलं झाड

डिसेंबरभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. उठले की आधी गॅलरीत. तापमापक बघायचा, काचेची खिडकी दोन बोटं सरकवायची, चहा ठेवायचा, परत येऊन ती बंद करायची. पाच अंशांखाली गेलं तर झाडाची पानं गोठून काळी पडणार. घरात घेतलं तर उबेनं ते वेड्यासारखं उंच वाढणार, फिकं पडणार. पाच ते दहाच्या मध्ये त्याला झुलवत ठेवायचं. थंडी नीट लागली तरच त्याच्या जाड पानांच्या कडा लाल होतात.

"माझा ताप कधी इतक्या वेळा मोजला नाहीस, ग्युरीची आई," नवरा तापलेल्या लादीवर रजईत पाय खुपसून, नेहमीसारखी लेकीच्या नावानं हाक मारत म्हणायचा.

"तुम्ही लाल होत नाही ना, म्हणून!"

झाड आमचं नव्हतंच. वरच्या मजल्यावरच्या ह्वाजाताईचं. कोबीएवढं झालेलं, कमळासारखं गच्च मिटलेलं. बारा वर्षं तिनं ते सांभाळलं होतं. नवरा गेल्यावर घरात बोलायला तेवढंच होतं तिला. पोटात गाठ निघाली, सोलच्या हॉस्पिटलात जायचं ठरलं, तेव्हा कुंडी दोन्ही हातांनी माझ्याकडे देत म्हणाली, "हे लाल झालं की मी घरी येते बघ." हसत म्हणाली. असं काही बोलून ठेवायचं असतं का हो? तेव्हापासून मला वाटायला लागलं, या झाडाला काही झालं तर ताई गेलीच. मूर्खपणा आहे, मला कळतं. कळून काय उपयोग?

तिच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी आगगाडीनं सोलला गेले. ती खाटेवर बसून माझ्या फोनमधला फोटो मोठा करून बघत होती. "या कडेला गुलाबी दिसतंय का गं? की माझे डोळे?"

"गुलाबीच आहे," मी म्हटलं. होतं थोडंसं.

तेवढ्यात वॉर्डातले सगळे फोन एकदम किंचाळले. सरकारी इशारा, आमच्या चुनचॉनकडे थंडीची लाट, पारा उणे अठरापर्यंत जाणार. ताईनं माझा हातच धरला. "झाड!"

मी बाहेर जाऊन नवऱ्याला फोन लावला. पलीकडे टीव्हीवर बॅडमिंटन चालू होतं.

"अहो, झाड आत घ्या. आत्ताच्या आत्ता."

"आत म्हणजे कुठे?"

"कुठे म्हणजे काय! उबेला ठेवा जरा."

"पण तूच तर म्हणतेस ऊब नको—"

"डोकं खाऊ नका हो माझं! आपलं माणूस समजून ठेवा, म्हणजे झालं!" मी फोन आपटला.

म्हणायचं होतं, दाराशी, जोड्यांच्या फळीवर, जिथे लादी तापत नाही तिथे. पण म्हणाले काय, तर आपलं माणूस समजून ठेवा.

परतीची गाडी उशिरा निघाली. गाडीत मी बसले, उठले, दाराशी गेले, परत बसले. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, संडास त्या बाजूला आहे." घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. गॅलरी रिकामी. जोड्यांची फळी रिकामी.

"झाड कुठाय?"

नवऱ्यानं मोठ्या प्रेमानं रजईची कड उचलली. बॉयलरचं गरम पाणी लादीखाली जिथे पहिल्यांदा येतं, ती घरातली सगळ्यात ऊबदार जागा. तिथे तो माझी भाताची वाटी झाकून ठेवतो. मी बाहेर गेले की नेहमी. भाताचा कुकर रात्रभर भात गरम ठेवतो, तरी ठेवतो. त्याची आई त्याच्यासाठी ठेवायची. माणूस घराबाहेर असलं की त्याची वाटी रजईखाली, म्हणजे ते परत येतं. आज वाटी होती. आणि वाटीला खेटून कुंडी.

"कोमट पाणीही घातलं," तो म्हणाला. "दिवसभर उपाशी होतं बिचारं."

खालची पानं काचेसारखी पाणचट झाली होती. बोट लावलं तर साल हातात आली.

मी काय काय बोलले ते सांगत नाही. त्याच्या आईपर्यंत गेले. तो हळूच म्हणाला, "आपलं माणूस समजून ठेवा म्हणालीस." मला रडूच फुटलं. रागानं, आणि वाटीतला भात अजून वाफाळत होता म्हणूनही.

सकाळी देठ मऊ पडला होता. तिकडे ताईला आत नेत असतील त्याच वेळी इकडे मी स्वयंपाकघरात सुरी गॅसवर तापवून घेतली. देठ कापला, आत तपकिरी. अजून वर कापलं, तरी तपकिरी कडं. नवऱ्यानं कुंडी घट्ट धरली. आणखी वर कापलं तेव्हा स्वच्छ हिरवं लागलं. उरलं काय, तर शेंड्याच्या पानांचं मुठीएवढं फूल. ते कोरड्या कुंडीच्या तोंडावर नुसतं ठेवलं. मुळं फुटेपर्यंत माती नाही, पाणी नाही. थंडीची लाट ओसरल्यावर परत गॅलरीत.

ऑपरेशन नीट झालं, असा निरोप आला. पण ताई रोज फोटो मागायची. मी म्हणायचे, फोन बिघडलाय. "फोन बिघडलाय तर बोलतेस कशावरून, चपलेवरून?" ती म्हणायची. फोन ठेवला की मी गॅलरीत. पाच अंश. सहा. खिडकी उघड, खिडकी लाव.

जानेवारीत ती आली. जॅकेटमध्ये पार बुडून गेली होती. बसायच्याही आधी म्हणाली, "दाखव."

मी कुंडी समोर ठेवली आणि सगळं भडाभडा ओकून टाकलं. रजई, कोमट पाणी, सुरी. नवरा भिंतीला चिकटून उभा होता.

ताईनं कुंडी जवळ ओढली. उपाशी राहून, थंडी खाऊन ते मुठीएवढं फूल कडेपासून आतपर्यंत लालभडक झालं होतं.

"खालचं सगळं कापलं?"

"स्वच्छ लागेपर्यंत."

"माझंही तेच केलं गं डॉक्टरनं. खालचं जठर काढलं, वरचं थोडं ठेवलं." आणि ती हसायला लागली, टाके दुखून पोट धरलं, तरी हसतच. "पाणी कधी देणार याला?"

मी ते उचलून उलटं केलं. कापलेल्या जागी केसांएवढी गुलाबी मुळं फुटलेली. चार-पाचच.

"आता थोडं थोडं," मी म्हटलं.

नवरा खाकरला. रजईकडे बोट दाखवत भीतभीत म्हणाला, "ताई, पेज केलीय. सकाळीच. ती ठेवलीय खाली. तुम्ही येणार म्हणून... आता पेज तरी ठेवलेली चालते ना?"

झाकलेली वाटी त्यानं तिच्यासमोर ठेवली. ताईनं लगेच झाकण काढलं नाही. दोन्ही तळवे वाटीभोवती धरून बसली. डोळे भरून आले होते, पुसलेही नाहीत तिनं.

"फार खाता येत नाही मला," ती म्हणाली. "दोन चमचे. पण उद्याही ठेवाल का?"