डावीकडची सीट

मला गाडी चालवता येत नाही, असं आमच्या शहरात कोणाला सांगितलं की माणूस आवाज खाली आणून विचारतो, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" डॉक्टरांनी नाही, परवान्याच्या परीक्षकाने सांगितलंय. चौथ्यांदा नापास झाले तेव्हा त्याने स्वतः दार उघडून मला गाडीतून उतरवलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही चालत जात जा." इतक्या मनापासून मी दुसऱ्या कोणाचाच सल्ला पाळलेला नाही.

पण हे शहर चालणाऱ्यांसाठी बांधलेलंच नाही. घरं एका टोकाला, दुकानं दुसऱ्या, कामाची ठिकाणं तिसऱ्या, आणि मध्ये सहापदरी रस्ते आणि गाड्या उभ्या करायची मैदानं. रस्त्याच्या कडेने कोणी चालताना दिसलं की गाडीवाले काच खाली करून विचारतात, "बंद पडली का हो?" आमच्या वसाहतीपासून सगळ्यात जवळचा बसस्टॉप पावणेतीन किलोमीटरवर आहे आणि त्या रस्त्याला पदपथ नाही. नुसती कडेची खडी.

तरी मी बावीस वर्षं वेळेवर कामावर पोचते आहे. यात माझं कर्तृत्व काही नाही, उगाच कशाला मिरवू! फर्निचरच्या गोदामाचा पहारेकरी मला बाजूचं फाटक उघडून देतो, म्हणून पुलाखालचा वळसा वाचतो. सकाळच्या बसची चालकबाई मी लांबून पळत येताना दिसले की दार उघडं ठेवून आरशात केस नीट करत बसते. तिचे केस आधीच नीट असतात. अशा माणसांच्या जिवावर मी हिंडते, आणि हे मला रोज जाणवतं.

यात सगळ्यात मोठा वाटा क्रेनकाकांचा.

ते आमच्या दोन घरं पलीकडे राहतात. बंदरावर चाळीस वर्षं क्रेन चालवून निवृत्त झाले, म्हणून सगळी वसाहत त्यांना क्रेनकाका म्हणते. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या शेजारी त्यांची गाडी थांबली. "बस गं पोरी. स्टॉपपर्यंत सोडतो. मी तसाही पेपर आणायला निघालोय." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. पेपर त्यांच्या घरी पहाटेच येऊन पडतो, हे मला दोन वर्षांनी काकूंकडून कळलं. मी काकांना तसं म्हटल्यावर ते जराही वरमले नाहीत. म्हणाले, "तो मराठी असतो. मी हवामानासाठी दुसरा घेतो." थाप मारावी तर अशी.

पुढे त्यांना नात झाली, ती शाळेत जायला लागली, आणि मग त्यांना निघायला खरंखुरं कारण मिळालं. त्यांची मुलगी नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या, त्यामुळे नातीची ने-आण काकांकडे. नात मागे, माझ्या पाठीमागच्या सीटवर. मी पुढे डावीकडे. आधी शाळा, मग माझा बसस्टॉप.

काकांना गाडीत बोलत राहायची सवय. गेल्या वर्षभरात त्या बोलण्यात एक वाक्य वाढलं होतं. प्रत्येक वळणावर, प्रत्येक चौकात ते विचारायचे, "डावीकडे कोणी?" मी मान वळवून बघायची आणि सांगायची, "मोकळं." किंवा, "सायकलवाला आहे, थांबा." मला मजा वाटायची. क्रेनवर असताना खालून हातवारे करणारा इशारेवाला असायचा, त्याच्याशिवाय ते काही उचलत नसत. तीच सवय असेल, असं मी धरून चालले. डावा आरसा दोनदा घासला, तेव्हा काका म्हणाले की फाटकाचा खांबच वाकडा आहे. मी मान डोलावली.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे माझी लाज तुमच्या लक्षात येईल. मी चष्म्याच्या मोठ्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर तेच करते.

सत्तरी ओलांडलेल्यांना परवान्याच्या नूतनीकरणासाठी डोळे तपासून घ्यावे लागतात. अर्जावर शेरा आणि सही आमची. गेल्या महिन्यात एका दुपारी माझ्या खोलीत काका आले, इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. "घरचा माणूस असताना परक्याकडे कशाला जायचं?" म्हणत खुर्चीत बसले. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा त्यांनी घडाघडा वाचून दाखवली. मग तक्त्याखालचं छापखान्याचं नाव वाचलं, जे मी बावीस वर्षांत वाचलं नव्हतं. मी हसून टाळ्या वाजवल्या.

मग यंत्र. मोठ्या पांढऱ्या वाडग्यात डोकं घालायचं, हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीकसा दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. यंत्र अधूनमधून दिवा न लावताच नुसता आवाज करतं, अंदाजाने दाबणारे पकडायला. काका त्या आवाजांनाही बटण दाबत होते. मी म्हटलं, "काका, घाई नको. दिसला तरच दाबा." त्यानंतर कितीतरी वेळ बटण वाजलंच नाही. यंत्र मात्र चालू होतं.

कागद बाहेर आला. उजव्या डोळ्याचा, मग डाव्याचा. दोन्हींवर डावी बाजू काळी, म्हणजे तिकडचं काहीच दिसलेलं नाही.

मी यंत्र पुसलं आणि पुन्हा केलं. तेच आलं. मग मला ती सगळी वळणं आठवली. काका मला सोडत होते हे खरं. पण गेलं वर्षभर त्यांच्या डाव्या बाजूला मी होते, म्हणूनच ती गाडी धडपणे चालत होती. आणि दुपारी, शाळा सुटल्यावर, मी नसायची. तेव्हा गाडीत ते आणि ती सहा वर्षांची पोर.

"काय म्हणतं तुमचं डबडं?" काकांनी विचारलं.

मी सांगितलं. डोळे ठणठणीत आहेत, पण दोन्हींची एकच बाजू गेलीय, म्हणजे डोक्यात मागे कुठेतरी बिघाड झाला असणार. कधीतरी झोपेत बारीकसा झटका येऊन गेला असेल आणि कळलंही नसेल. आजच डॉक्टरांकडे जायला हवं. आणि गाडी नाही चालवायची.

काकांनी हातातलं बटण टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "यंत्र बिघडलंय."

"दोनदा केलं, काका."

"अगं, दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. पोरगी मोठी होईल, मग मीच किल्ली टांगून ठेवीन. तिला शाळेतून आणणार कोण?" मी पेनाचं टोपण काढलं, तेव्हा ते आणखी हळू बोलले. "आणि तुला कोण सोडणार गं सकाळी?"

हे त्यांनी मला धमकावायला म्हटलं नाही. खरंच काळजीने म्हटलं. तेच मला सोसवेना. नऊ वर्षं या माणसाने खोट्या पेपरची सबब काढून मला खडीवरून उचललं होतं आणि त्या बदल्यात कधी काही मागितलं नव्हतं. आज पहिल्यांदाच मागत होते, आणि तेही एका शब्दाएवढं. 'पात्र' लिहायचं आणि सही करायची.

मी 'अपात्र' लिहिलं. सही केली, आणि ती कोणाची याबद्दल शंका राहू नये म्हणून खाली पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहिलं.

"काका, किल्ली इथे ठेवून जा," मी म्हटलं. बाहेर मैदानात त्यांची गाडी उभी होती.

त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. आदळली नाही, ठेवली. अर्ज उचलला, घडी घातली, खिशात टाकला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. दारातून जाताना त्यांचा डावा खांदा चौकटीला लागला. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि पुढच्या माणसाला पंधरा मिनिटं ताटकळत ठेवून रडले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांची मुलगी गाडी न्यायला आली. डॉक्टरांचा निरोप तिने सांगितला: झटकाच होता, जुना, गेलेली बाजू परत यायची नाही, पण वेळेवर आलात, औषधं सुरू केलीत, नाहीतर पुढचा मोठा आला असता. "बाबा कोणाशी बोलत नाहीत," ती म्हणाली. "दोन आठवडे मी पाळ्या बदलून घेतल्यात. पुढचं पुढे बघू." ती माझ्यावर चिडलेली नव्हती, पण तिच्या तोंडातून आभारही निघत नव्हते. मला ते समजलं.

मी पुन्हा चालायला लागले. खडी होती तिथेच होती. पहारेकऱ्याने फाटक उघडताना विचारलं, "गाडीवाले काका कुठे गेले?" मी म्हटलं, "बरे आहेत." पाय दुखायचे त्याचं काही नाही. पण रोज सकाळी त्यांच्या घरावरून जाताना खिडकीचा पडदा हलायचा आणि दार मात्र बंद राहायचं. अकरा दिवस असं चाललं. आपण बरोबर वागलो हे मनाला कितीही बजावलं तरी मन हट्टी असतं, ते म्हणायचं, इतकं सगळं घेतलंस आणि हे दिलंस.

बाराव्या दिवशी मी धापा टाकत स्टॉपवर पोचले, तर बाकावर काका बसलेले. पायात नवे कोरे बूट, पँटला गुडघ्यापर्यंत धूळ.

"कसे आलात?" मी ओरडलेच.

"कसे म्हणजे? तू येतेस तसा. साडेपाचला निघालो. रस्ता आहे की छळ! नऊ वर्षांपूर्वी तू हा रोज तुडवायचीस आणि वर हसायचीस, त्याचं मला आज नवल वाटलं." मग माझ्याकडे तिरकं बघत म्हणाले, "नातीच्या शाळेकडे बस जाते का? दुपारी तिला आणायला मला जमेल का, हे बघायचंय. काकूंचं म्हणणं, डोकं फिरलंय माझं. डॉक्टर म्हणाले, चालणं चांगलं."

जाते, पण मध्ये बदलावी लागते. मी दुकानात फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. बस आली. चालकबाईने काकांचं पाऊल पायरीवर नीट पडेपर्यंत वाट बघितली आणि मागे भोंगा वाजवणाऱ्या गाडीवाल्यावर आरशातून डोळे वटारले. आम्ही बसलो. मी त्यांच्या डावीकडे, न ठरवता.

मी म्हणाले, "काका, तुम्ही रागावला असाल तर—"

"रागावलो होतो ना. चांगला रागावलो होतो. ऐक. क्रेनवर नियम असतो. उचल, फिरव, खाली सोड, हे इशारेवाल्यानेच सांगायचं, दुसऱ्या कोणी सांगितलं तर ऐकायचं नाही. पण थांब म्हणायला कोणीही चालतं. कोणीही हात वर केला की थांबायचं, त्याला 'का?' असं विचारायचं नाही. चाळीस वर्षांत मला असं चौघांनी थांबवलं. एक रंगारी, एक वेल्डर, एक झाडूवाली, आणि एक ऑफिसातला कारकून, त्याला तर क्रेनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. चारही वेळा मी वरून शिव्या घातल्या. चारही वेळा खाली कोणीतरी होतं, मला न दिसणारं."

बस पुलावर चढली. काका पुढे बघत होते.

"कोणाचेच आभार मानले नाहीत. तेव्हा राग असतो, आणि राग जाईपर्यंत माणूस दुसऱ्या बंदरावर गेलेला असतो. म्हणून रोज सकाळी दाढी करताना चौघांची नावं घेतो. काकूंना वाटतं, मी गाणं पुटपुटतोय." त्यांनी खिशातून घडी घातलेला अर्ज काढला. घड्यांवर तो मळला होता. "आठ दिवस झाले, आता पाच घेतो. पण पाचवं माणूस अजून इथेच आहे, तर निदान नाव तोंडावर घ्यावं म्हटलं."

नऊ वर्षं मी त्यांची 'पोरी' होते. त्यांनी अर्ज उलगडला, सहीखाली बोट ठेवलं, आणि भरल्या बसमध्ये, क्रेनवरून खाली हाक मारावी तेवढ्या आवाजात, माझं नाव वाचलं. माझं, वडिलांचं आणि आडनाव, सगळं.